जाळी काढली, आता भाच्याला गाडी कशी देऊ?

प्रश्न : माझी २०१८ सालची पेट्रोल गाडी आहे, ऐंशी हजार किलोमीटर झालंय. गेल्या दिवाळीच्या आधी इंजिनचा पिवळा दिवा लागायला लागला आणि चढावर गाडी दम टाकू लागली. गॅरेजवाला म्हणाला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोकअप झालाय, नवा अडतीस हजारांना पडेल. त्याने जुना कापून काढला, सरळ पाइप वेल्ड करून दिला, मजुरी घेतली नाही, उलट माझ्याच हातावर तीन हजार ठेवले. गाडी छान पळते, दिवाही लागत नाही. "काय होत नाय मामा, इन्शुरन्सवाला काय खाली वाकून बघतो?" असं तो म्हणाला. आता २२ जूनला विमा संपतोय, जुलैत पीयूसी. पुण्याचा भाचा गाडी विकत मागतोय. एजंट म्हणतो, पीयूसी नसेल तर क्लेमच बाद. अपघात झाला तर विमा मिळेल का? पोलिसांनी पकडलं तर काय होईल? आणि भाच्याला हे सांगायलाच हवं का? आमच्याकडे समुद्राचा वारा, इथे कसलं आलंय प्रदूषण?
– एक मामा, गुहागर तालुका

उत्तर :

मामा, तुमचे प्रश्न तीन असले तरी माझं लक्ष त्या तीन हजारांवर अडकलं. गॅरेजवाल्याने फुकट काम करून वर गिऱ्हाइकाला पैसे दिले, असं मी मोटार सर्व्हेअर, म्हणजे विमा कंपनीसाठी गाड्यांचं नुकसान तपासणारा, म्हणून काढलेल्या वर्षांत जेव्हा जेव्हा ऐकलं, तेव्हा कापलेली वस्तू हीच होती. कन्व्हर्टरच्या त्या पत्र्याच्या डब्यात चिनी मातीसारखी एक जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा पातळ लेप दिलेला असतो. धातू वजनाने काही ग्रॅमच, पण ते सोन्याच्या पंक्तीतले. ईको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात कापून नेणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत पकडल्या गेल्या त्या याच 'माती'पायी. म्हणजे तुम्ही मजुरी वाचवली नाहीत. भाव न विचारता एक वस्तू विकलीत, आणि ती विकत घेणाऱ्यानेच तुम्हाला सल्लाही दिला.

समुद्राच्या वाऱ्याचं आधी बोलतो. इंजिनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड ही जाळी तिथल्या तिथे बदलते. मागून निघतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजन. जाळी नसली की हे सगळं जसंच्या तसं बाहेर. वारा समुद्रावर असेल, पण तुम्ही सकाळी गाडी सुरू करून ठेवता ती पडवीला लागून, आणि पडवीत कोण बसलेलं असतं ते तुम्हाला माहीत. शिवाय गॅरेजमधल्या घाईच्या वेल्डिंगला फट राहिली, तर तो वायू गाडीच्या तळातून आत येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. काचा बंद, एसी चालू, मागे मुलं झोपलेली आणि पुढे कुंभार्लीचा घाट, हे चित्र मला तरी चालत नाही.

'दिवा लागत नाही' हे तुम्ही चांगली बातमी म्हणून लिहिलंय. माझ्या मते पत्रातली सगळ्यात वाईट बातमी तीच. तुमच्यासारख्या गाडीला जाळीच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. मागचा सेन्सर पुढच्यासारखंच वाचायला लागला की गाडीला कळतं, जाळी काम करत नाही, आणि दिवा लागतो. जाळीच नाही आणि दिवाही नाही, म्हणजे कुणीतरी त्या सेन्सरला गंडवलंय. एक तर स्पेसर, म्हणजे मधे एक तुकडा, लावून तो धुराच्या झोतापासून बाहेर ओढलाय, नाही तर लॅपटॉप जोडून प्रोग्रॅमच बदललाय. पाइप कापणं हा एक बदल आणि सेन्सर गंडवणं हा दुसरा. हा दुसरा बदल 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणण्याची वाट बंद करतो. गॅरेजवाल्याला नेमकं काय केलं ते विचारा आणि लिहून ठेवा. दुरुस्तीच्या वेळी लागेल.

आता पोलीस. नाकाबंदीवरचा हवालदार गाडीखाली वाकत नाही, इथपर्यंत तुमचा गॅरेजवाला खरा. पण रस्त्यावर गाड्या तपासणारं आरटीओचं वायुवेग पथक वेगळं, आणि कायदा त्याहून वेगळा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीतले तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी जुळणार नाहीत, असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडक वाचलं. आरसीवर कन्व्हर्टरचा उल्लेख कुठेय, असं तुम्ही म्हणाल. नसेल, पण तुमची गाडी भारत स्टेज ४ म्हणून नोंदलेली आहे, आणि जाळीशिवाय ती त्या मानकात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगतं. हवा किंवा आवाजाच्या मानकांचा भंग करणारी गाडी चालवली, तर कलम १९०(२) : पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने बाद. प्रत्यक्षात यासाठी कुणी तुरुंगात गेलेला मी पाहिलेला नाही. पण ही कलमं मालकाकडे आणि चालवणाऱ्याकडे बोट दाखवतात. गॅरेजवाला तोवर दुसऱ्याची गाडी रॅम्पवर घेऊन मोकळा.

पीयूसीबद्दल तुमचा एजंट अर्धवट बोलतोय. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीशिवाय विम्याचं नूतनीकरण करू नका असं सांगितलं होतं. ती अट जुलै २०२४ मध्ये न्यायालयानेच काढून घेतली. पीयूसी नाही एवढ्यावरून क्लेम नाकारता येत नाही, असा खुलासा विमा नियामकानेही पूर्वी केलेला आहे. तेव्हा ती भीती सोडा. अडचण दुसरीकडे आहे. तुमच्या गाडीला आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा. जाळीशिवाय पेट्रोल गाडी या आकड्यांत प्रामाणिकपणे सहसा बसत नाही. 'पीयूसी मी करून देतो' असं गॅरेजवाला म्हणाला, तर तो दुसऱ्या गाडीच्या धुराचा कागद तुमच्या नंबरावर आणून देणार. तो कागद नसलेला बरा.

आता मुख्य गोष्ट, विमा. लोक विचारतात, 'विमा रद्द होतो का?' विमा असा एका फटक्यात रद्द होत नाही. तो तुकड्यातुकड्याने सुटतो.

समजा तुमच्या गाडीची धडक लागून रस्त्यावरचा माणूस जखमी झाला. त्याला भरपाई मिळेल. थर्ड पार्टी विमा त्याच्यासाठीच आहे, आणि कंपनीला हात झटकायची कारणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये मोजून दिलेली आहेत : लायसन्स नसलेला चालक, दारू, शर्यत, परवान्याशिवाय भाड्याचा धंदा वगैरे. कापलेला कन्व्हर्टर त्या यादीत नाही. पण त्या यादीत एक शेपूटही आहे : महत्त्वाची माहिती दडवून मिळवलेली पॉलिसी. कंपनी ते धरून भांडली आणि जिंकली, तर जखमी माणसाला पैसे देऊन ते तुमच्याकडून वसूल करायचा आदेश मागू शकते. शक्यता मोठी नाही, पण आपल्याच हाताने का उघडून द्या?

तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं गणित निराळं. पॉलिसीच्या अटींत गाडी चांगल्या स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली असते. ते वाक्य बारीक अक्षरात असतं आणि कुणी वाचत नाही. नुकसान आणि बदल यांचा संबंध आहे का, हा खरा प्रश्न. भर पावसात हायवेवर बसलेल्या गुरांना चुकवताना गाडी गटारात गेली, तर त्यात कन्व्हर्टरचा काय दोष? चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तसं पुन्हा शिरलं आणि गाडी बुडाली, तिथेही नाही. अशा वेळी कंपनीने फक्त 'बदल केलाय' म्हणून सगळा क्लेम नाकारला तर भांडायचं. लायसन्सच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हाच सूर धरला होता, की नियमभंग अपघाताला कारण ठरला हे दाखवण्याचं ओझं कंपनीवर आहे. २०१० मध्ये एका भाड्याने दिलेल्या खासगी गाडीच्या प्रकरणात न्यायालयाने अट मोडलेली असूनही क्लेम सरसकट नाकारू न देता ७५ टक्के द्यायला लावले. तेव्हा सगळं बुडतंच असं नाही. पण पंचवीस टक्के आणि दोन-चार वर्षं जातात.

आग लागली तर मात्र बाजू उलटते. एक जळालेली गाडी मला आजही आठवते. सड्यावर, फेब्रुवारी महिना, कातळावरचं गवत वाळून सोनेरी झालेलं. मालक काजूच्या बागेत कुंपण बघायला गेला आणि परत आला तेव्हा गाडीखालून धूर. मी दुसऱ्या दिवशी गेलो. गाडीचं तोंड काळं, चाकांच्या जागी तारा. खाली आडवा पडून टॉर्च मारला तर कन्व्हर्टरच्या जागी पाइप, त्यावर वेल्डिंगचे थेंब कावळ्याच्या शिटेसारखे, आणि उष्णता अडवणारं पत्र्याचं कवच नाहीच. ते कवच कापताना काढलं असणार आणि परत लावायला कुणी वेळ घालवला नसणार. आग तिथूनच लागली हे मी छातीठोकपणे म्हणू शकलो नसतो. पण क्लेम फॉर्मवर 'गाडीत काही बदल केला आहे का' या प्रश्नापुढे मालकाने 'नाही' लिहिलं होतं. माझ्या अहवालात फोटो, त्याच्या फॉर्मवर 'नाही'. पुढचा सगळा वाद आगीचा न राहता त्या एका शब्दाचा झाला.

म्हणून २२ जूनच्या आत काय करायचं ते ठरवा. प्रस्ताव फॉर्मवर किंवा ऑनलाइन नूतनीकरणात बदलाबद्दल प्रश्न असेल, तर आज तुम्हाला 'हो' म्हणावं लागेल. जाळी परत बसवलीत, सेन्सर मूळ जागी आला, तर निर्धास्तपणे 'नाही' म्हणता येईल. आणि देव न करो, त्याआधीच काही झालं, तर क्लेम फॉर्मवर खरं तेच लिहा. कंपनीने नाकारलं तर आधी तिच्या तक्रार विभागाकडे जा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.

नवा बसवण्याआधी एक विचारणा झालीच पाहिजे, आणि गॅरेजवाल्याने ती टाळली : कन्व्हर्टर चोकअप का झाला? तो आपण होऊन सहसा मरत नाही, त्याला इंजिन मारतं. एखादी इग्निशन कॉइल अर्धवट काम करत असेल, तर कच्चं पेट्रोल जाळीवर जाऊन जळतं आणि जाळी वितळते. इंजिन ऑइल जाळत असेल तर भोकं काजळीने आणि राखेने बुजतात. उंदरांनी सेन्सरची वायर कुरतडली तर इंजिनला चुकीचा निरोप जातो आणि ते जास्त पेट्रोल ओढतं. कोकणात गाडी दोन दिवस उभी राहिली की बॉनेटखाली उंदीर येतात हे मी तुम्हाला काय सांगावं. आणि जाळी लालभडक तापलेली असताना गाडी पाण्यात घातली तर माती तडकते आणि तुकडे पुढे अडकतात. यातलं एकही कारण सरळ पाइपने बरं होत नाही. कारण तसंच ठेवून नवा बसवलात, तर अडतीस हजारांचाही असाच कोळसा होईल. कोड वाचणारा टेस्टर आणि बॅकप्रेशर मोजायचं गेज ज्याच्याकडे आहे अशा ठिकाणी गाडी न्या. पुढचा सेन्सर काढून तिथे गेज लावलं की वाट अडली होती की नुसता सेन्सर रुसला होता, ते पाच मिनिटांत कळतं. तुमच्या बाबतीत ती संधी आता गेली, पण कॉइल, प्लग, ऑइल आणि वायरिंग अजूनही तपासता येईल.

स्वस्तात मिळतो म्हणून जुना कन्व्हर्टर भंगारवाल्याकडून घेऊ नका. तो ईकोचा निघाला तर चोरीचा माल बाळगल्याचं भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ आहे. नवाच घ्या, पावती घ्या, पावतीवर गाडीचा नंबर लिहून घ्या, बसवताना खालून दोन फोटो काढा. मग सेंटरवर उभं राहून पीयूसी करा आणि स्क्रीनवरचे आकडे स्वतः बघा. ०.३ च्या आत आले की काम झालं समजायचं. उद्या नवा कन्व्हर्टर कुणी अंगणातून कापून नेला, तर खासगी कारच्या पॅकेज पॉलिसीत (थर्ड पार्टीबरोबर स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणाऱ्या) तो चोरीखाली मिळतो. एफआयआर लागेल, घसारा कापला जाईल (पाच ते दहा वर्षांच्या गाडीला धातूच्या भागांवर ४० टक्के), आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला क्लेममधले पहिले १,००० रुपये तुमच्या खिशातून.

भाच्याला सांगायचं का? अहो मामा, भाचा पुण्याला नेणार आणि पहिल्या सर्व्हिसिंगलाच तिथला मेकॅनिक गाडी लिफ्टवर घेणार. तो सांगेल त्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं. कायद्यानेही दोष माहीत असून दडवून विकलेली वस्तू ही फसवणुकीच्या वाटेवर जाते, आणि नात्यातला व्यवहार तर कागदावर कमी, शब्दावर जास्त चालतो. दुरुस्ती आधी करून मग द्या, नाही तर अडतीस हजार किमतीतून कमी करा आणि तसं विक्रीच्या कागदावर लिहा. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरताना एवढं एक वाक्य लिहायला वेळ लागत नाही. विक्रीनंतर १४ दिवसांच्या आत विमा स्वतःच्या नावावर करायला भाच्याला सांगा. थर्ड पार्टी आपोआप त्याच्याकडे जाते, स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र अर्ज केल्याशिवाय जात नाही. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर देऊ नका, तो तुमचा आहे. कंपनीकडून प्रमाणपत्र घ्या, तीन वर्षांत नवीन गाडी घेतलीत तर तिला लावता येईल. हे फार लोकांना ठाऊक नसतं आणि एजंट आपणहून सांगत नाहीत.

गॅरेजवाल्यावर तक्रार करता येते का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ओळींमधून दिसतं. तुमच्या संमतीने केलेल्या कामावर भांडणं अवघड आहे. काढलेल्या वस्तूची खरी किंमत दडवली, परिणाम सांगितले नाहीत, एवढ्यावर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येईल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण पावती नाही, मजुरी दिलेली नाही, उलट पैसे तुम्ही घेतलेत. फी नसताना ग्राहक म्हणून उभं राहणंच कठीण. मी तुमच्या जागी असतो तर या भांडणात पडलो नसतो.

त्याला एक फोन मात्र करा. ते तीन हजार परत देतो म्हणा आणि जुना तुकडा अजून आहे का विचारा. दिवाळीपासून तो राहिला असेल असं मला वाटत नाही. पण असलाच, तर मागून घ्या आणि उन्हात धरून आत बघा : वितळलेली दिसली तर कॉइल आणि प्लगकडे जा, काळी-ओलसर दिसली तर ऑइलकडे, आणि नुसते तुकडे पडलेले दिसले तर गाडी कुठल्या पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, घातली होती ते आठवा.